कंसातली ओळ

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझे मिस्टर २००३ साली फौजेत भरती झाले. सप्टेंबर २०११ ते मार्च २०१४ काश्मीरमध्ये आरआरला, म्हणजे दहशतवादविरोधी कामाच्या राष्ट्रीय रायफल्सला, होते. २०१३च्या पावसाळ्यात गस्तीवर त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. पुढे पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, आल्यावर जानेवारी २०१६ मध्ये त्यांना मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसिक वॉर्डात ॲडमिट केलं, डिप्रेशन सांगितलं, कॅटेगरी लागली, म्हणजे कामावर निर्बंध आले. २०१८ मध्ये कॅटेगरी असतानाही सहा महिने वर, उंचावरच्या भागात, पाठवलं होतं. मार्च २०२० मध्ये मुदत संपवून लान्स नायक म्हणून घरी आले. साधी पेन्शन चालू आहे. सुटताना वैद्यकीय बोर्डानं ३० टक्के कायमचं अपंगत्व लिहिलं, पण डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली. आजार नोकरीमुळे नाही असं इंग्रजीत पत्र आलं. लॉकडाऊन होतं, आम्ही पुढं काहीच केलं नाही. अजून रात्री चार-चार वेळा उठून दाराची कडी बघतात. गणपतीत फटाके वाजले की परड्यात जाऊन बसतात. पितातही थोडी. (२०१३च्या दिवाळीच्या सुट्टीत गारगोटीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, पण ते फौजेत कुणाला सांगितलं नव्हतं.) गावातले एक जण म्हणतात, कोल्हापुरात पाहिजे त्या तारखेचं सर्टिफिकेट मिळतंय. मिस्टर म्हणतात, कशाला उकरून काढतीयास, लोक खुळा म्हनतील. आम्ही काय पुरावा द्यावा? – एका फौजीची बायको, ता. भुदरगड"

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा साधं, आणि मग चष्मा पुसून, सत्तावीस वर्षं फौजेत क्लार्कगिरी केलेला माणूस वाचतो तसं. दुसऱ्या खेपेला एका जागी थांबलो. अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. दिवाळीची सुट्टी, गारगोटीचे डॉक्टर, झोपेच्या गोळ्या. तुम्हाला ती जाता जाता सांगायची गोष्ट वाटली. मला तुमची निम्मी केस तिथं दिसते.

का, ते कळायला आधी ते इंग्रजी पत्र समजून घ्या. त्यात आजार 'नायदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस' आहे असं वाक्य असेल. आद्याक्षरं जोडून आम्ही त्याला 'नाना' म्हणायचो. आमच्या ऑफिसात एक जण डाक उघडता उघडता "ह्याचे पण नाना आले" म्हणायचा आणि आम्ही हसायचो. आता आठवलं की बरं वाटत नाही. अर्थ असा, की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे बळावलेलाही नाही. या दोन्हींतली एक तरी गोष्ट मान्य झाली आणि टक्के वीस किंवा त्याच्या वर असले, की डिसॅबिलिटीचा भाग लागू होतो. तुमचे टक्के तीस आहेत आणि ते फौजेच्याच डॉक्टरांनी लिहिले आहेत. म्हणजे आजार आहे का, किती आहे, यावर भांडणच नाही. भांडण एवढंच, की सुरुवात कुठं आणि कधी झाली.

इथंच घरोघरी चूक होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणसं येतात ती पिशवीभर कागद घेऊन. गेल्या चार वर्षांच्या चिठ्ठ्या, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचे केसपेपर, औषधांची बिलं, मेंदूचा एमआरआयसुद्धा. सगळं खरं असतं, पण ते सगळं सांगतं काय, तर माणूस आज आजारी आहे. ते तर समोरच्यानं कधीच कबूल केलंय. तुम्ही कडीचं आणि फटाक्यांचं लिहिलंत, ते वाचून पोटात तुटलं. पण अपिलाच्या टेबलावर पहिला प्रश्न हा असणार आहे, की २०१६च्या आधीचं काय आहे?

२०१६च्या आधीचंच का, त्याला कारण आहे. फौजेच्या डॉक्टरांना पेन्शनच्या बाबतीत वाट दाखवायला 'गाईड टू मेडिकल ऑफिसर्स' नावाचं पुस्तक आहे, २००२चं, २००८ मध्ये सुधारलेलं. त्यातला परिच्छेद ५४ मानसिक आजारांवर आहे. मनाचा आजार आतल्या आणि बाहेरच्या कारणांच्या गुंत्यातून होतो असं म्हणून पुढं तो सरळ सांगतो, की माणूस लढाईच्या किंवा दहशतवादविरोधी कारवाईच्या भागात, अति उंचीवर, अगदी एकाकी चौकीवर असताना आजार उद्भवला, तर तो नोकरीमुळे झाला असं मानायचं. भूकंप, त्सुनामीत मदतीला जाऊन प्रेतांमध्ये काम करावं लागलं तरी तसंच. आणि दुसरी एक खिडकी आहे: आजाराचं निदान झाल्यावर, कामावर निर्बंध घातलेले असताना, माणसाला पुन्हा अशाच ठिकाणी ठेवलं आणि त्यानं आजार वाढला, तर नोकरीनं बळावला असं धरायचं.

आता तुमच्या मिस्टरांचं बघा. बोर्डानं सुरुवात धरली जानेवारी २०१६, ठिकाण पीस स्टेशन. ही तारीख ॲडमिट झाल्याची आहे. ताप आला तो दिवस आणि दवाखान्यात गेलो तो दिवस एकच नसतो, हे शेतावरचा गडीसुद्धा सांगेल. पण कागदावर पहिली नोंद २०१६ची आहे, म्हणून सुरुवात २०१६ची ठरली. तुमची कंसातली ओळ ती सुरुवात नोव्हेंबर २०१३ वर नेते. त्या वेळी ते आरआरमध्ये होते. आलं ध्यानात?

घरात काळी पेटी असेलच. पत्र्याची, पांढऱ्या ऑईल पेंटनं नंबर, रँक, नाव घातलेली. आमच्या जिल्ह्यात सैनिक टाकळीपासून तुमच्या डोंगरापर्यंत अशी पेटी नसलेलं फौजी घर नाही, आणि बहुतेक घरांत तिच्यावर गाद्या रचलेल्या असतात. गाद्या उतरवा. तळाशी गणवेशाखाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद सापडतील. डिस्चार्ज बुक, जुन्या मूव्हमेंट ऑर्डरी, सुट्टीचे दाखले, पगाराच्या स्लिपा. त्या स्लिपा टाकू नका. काउंटर इन्सर्जन्सीचा, म्हणजे दहशतवादविरोधी कामाचा, भत्ता कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत जमा झाला, ते तिथं छापलेलं असतं. माणूस त्या भागात होता याला याहून कोरडा आणि याहून पक्का साक्षीदार नाही. आणि २०१३ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. त्या महिन्याचा सुट्टीचा दाखला मिळाला, तर ते तेव्हा गावात होते हे सिद्ध होतं. पेटीतला कुठलाही मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.

पण खरा खजिना पेटीत नाही, रेकॉर्ड ऑफिसात आहे. माझ्या हाताखालून शेकडो केसपेपर गेलेत. मानसिक वॉर्डात माणूस ॲडमिट झाला की फौजेचा मानसोपचारतज्ज्ञ त्याला बसवून सगळा इतिहास विचारतो आणि लिहून ठेवतो. झोप कधीपासून नाही, चिडचिड कधी सुरू झाली, घरचे काय म्हणतात. त्या पानावर पुष्कळदा असं वाक्य असतं, की रुग्णाला दोन-अडीच वर्षांपासून झोप नाही. जानेवारी २०१६ मधून अडीच वर्षं वजा करा. बोर्डानं चार वर्षांनी 'सुरुवात २०१६' लिहिताना हे पान उघडलंच असेल असं धरून चालू नका. फौजेचा एक कागद दुसऱ्या कागदाला खोटं पाडतो, त्याच्यापुढं तुम्ही-आम्ही लिहिलेल्या दहा अर्जांची किंमत नाही.

हे कागद माहिती अधिकारात मागायचे. अर्जावर सही मिस्टरांचीच हवी, कारण ही त्यांची खासगी माहिती आहे. तुमच्या नावानं अर्ज गेला तर परत येईल. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, पेन्शनच्या पीपीओची (मंजुरीच्या आदेशाची) आणि ओळखपत्राची झेरॉक्स, स्पीड पोस्टानं त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला. उत्तराची मुदत तीस दिवस. 'माझे सर्व मेडिकल कागद द्या' असं मोघम लिहू नका, नावानिशी मागा. सुटतानाच्या बोर्डाचा पूर्ण अहवाल, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फौजेचा वैद्यकीय फॉर्म, सगळ्या पानांसह. कॅटेगरी लावतानाचे सगळे एएफएमएसएफ-१५. हॉस्पिटलचे केसपेपर आणि मानसोपचारतज्ज्ञाचा अभिप्राय. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. २०११ ते २०२० मधल्या पोस्टिंगच्या पार्ट टू ऑर्डरी, म्हणजे युनिटनं काढलेले नोंदीचे आदेश. आणि एएफएमएसएफ-१०.

या शेवटच्या फॉर्मविषयी गावात कुणाला माहीत नसतं. मानसिक रुग्णाबद्दल त्याच्या युनिटचा कमांडिंग ऑफिसर जो गोपनीय अहवाल भरतो, तो हा. माणूस कामात कसा होता, सोबत्यांशी कसा वागायचा, दारूचं काय, वागणं कधी बदललं, सगळं त्यात येतं. साहेबानं 'पूर्वी चांगला जवान होता, अलीकडं एकटा राहतो' एवढं लिहिलेलं असलं तरी काम होतं. दारूची नोंदही असू शकेल. ती असली म्हणून दडवायला जाऊ नका. तुम्ही पत्रात 'पितातही थोडी' असं लिहिलंत, तोच सरळपणा अपिलातही ठेवा. दारूचं व्यसन हाच आजार असेल तर पेन्शन मिळत नाही, पण इथं निदान डिप्रेशनचं आहे. दारू कधी वाढली आणि झोप कधी गेली, यात आधी कोणतं आणि नंतर कोणतं, ते डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं की पुरे.

एएफएमएसएफ-१६ हातात आला की पहिल्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. कुठं कुठं नोकरी केली, पीस की फील्ड. आजार प्रथम कुठं आणि कधी सुरू झाला. भरतीआधी असं काही होतं का. आणि एक प्रश्न असा, की नोकरीतल्या कोणत्या घटनेमुळे आजार झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं? मी पैजेवर सांगतो, तिथं 'निल' लिहिलेलं असेल. मीच किती जणांचं लिहिलंय. जवान समोर उभा असतो, त्याला घरची गाडी पकडायची असते, क्लार्कला दुपारपर्यंत चाळीस फॉर्म संपवायचे असतात. "काय घटना-बिटना?" "नाही साहेब." निल. खाली सही. त्या तीन इंग्रजी अक्षरांनी पुढं काय होतं, ते मला रिटायर झाल्यावर कळलं.

'निल' असेल तर घाबरायचं नाही. अपिलात त्याला उत्तर द्यायचं. फॉर्म कुणी भरला, कोणत्या भाषेत होता, वाचून दाखवला होता का, आणि त्या वेळी त्यांची मनःस्थिती कशी होती, हे मिस्टरांनी साध्या शब्दांत लिहावं. ज्या माणसाला त्या दिवसाबद्दल बोलताच येत नाही, तो परक्या माणसासमोर, उभ्या उभ्या, ते फॉर्मवर कसं भरेल?

आता गारगोटीचे डॉक्टर. खासगी डॉक्टरांना रुग्णाचे कागद उपचार सुरू केल्यापासून तीन वर्षं ठेवावे लागतात आणि रुग्णानं मागितले तर बहात्तर तासांत द्यावे लागतात. २०१३चे कागद म्हणजे त्यांच्यावर सक्ती उरलेली नाही. तरी जा. आपल्याकडचे जुने डॉक्टर वह्या फेकत नाहीत. माळ्यावर बांधून ठेवतात. वहीत तारखेसह नाव सापडलं तर त्या पानाची प्रत, खाली डॉक्टरांची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. वही नसेल आणि डॉक्टरांना आठवत असेल, तर त्यांनी आजच्या तारखेनं तसंच लिहावं: अमुक काळात हे झोपेच्या तक्रारीसाठी माझ्याकडे आले होते, नोंद उपलब्ध नाही, आठवणीवरून लिहीत आहे. तुम्हाला वाटेल, याला कोण विचारतो. खरा कागद कधी कधी दुबळा दिसतो, पण तो उलटत नाही.

खोटा उलटतो. तुमच्या गावातल्या त्या गृहस्थांना लांबूनच रामराम करा. चार-पाच वर्षांपूर्वी एक जवान माझ्याकडे असंच सर्टिफिकेट घेऊन आला. तारीख २०११ची, कागद मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला, भाषा झकास. सोबत फीची पावती. पावतीच्या कोपऱ्यात पैसे भरायचा क्यूआर कोड. यूपीआय सुरू झालं २०१६ मध्ये. त्याला म्हटलं, बाबा, हा कागद तू माझ्याकडे आणलास हे नशीब. तिकडं गेला असता तर तुझा खरा आजारही खोटा ठरला असता. त्यानं तो तिथंच फाडला. दोन हजार रुपये गेले त्याचे, पण केस वाचली.

तसंच 'डिप्रेशन नको, पीटीएसडी लिहून आणा, लगेच मंजूर होतंय' असं सांगणारेही भेटतील. परिच्छेद ५४ मानसिक आजार म्हणतो, एकाच नावाला चिकटत नाही. निदान बदलून आणलंत तर उलट दोन डॉक्टरांत विसंवाद दिसेल. आजच्या मानसोपचारतज्ज्ञाला जे दिसेल ते त्याला लिहू द्या. सीपीआरला दाखवत असाल किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून, डॉक्टरांना एवढं सांगा, की अभिप्रायात चार गोष्टी याव्यात: तपासलं कधीपासून, लक्षणं कोणती आणि रुग्णाच्या व घरच्यांच्या सांगण्यानुसार कधीपासून, रोजच्या जगण्यात काय अडतं, आणि जुने फौजी कागद वाचून ही सुरुवात वैद्यकीयदृष्ट्या पटते का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, म्हणून माहिती अधिकारातले कागद आल्यावरच अभिप्राय घ्या, आधी नको. जुने कागद न बघता दिलेला अभिप्राय म्हणजे नुसती शिफारसचिठ्ठी.

दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढलं असेल तर चांगलं, नसेल तर काढा, पण त्याचा हिशेब वेगळा. तिथं सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची रेघ आहे, फौजेच्या पेन्शनला वीसची. ते टक्के इकडं लावता येत नाहीत.

साक्षीदारांचं. आरआरमधले त्यांचे सोबती आता कुठं कुठं असतील. व्हॉट्सॲपवर बॅचचा ग्रुप असतोच. त्या गस्तीत असलेला किंवा त्या बराकीत शेजारच्या चारपाईवर झोपणारा एक जण मिळाला, तरी त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यानं फक्त पाहिलेलं लिहावं. 'नोकरीच्या ताणामुळे मानसिक संतुलन बिघडले' असलं काही नको; ते डॉक्टरांचं काम. 'त्या घटनेनंतर हा रात्री ड्युटी नसतानाही बूट घालून बसायचा' असं एक वाक्य चालतं.

तुमचंही प्रतिज्ञापत्र लागेल, आणि ते तुम्हीच लिहायचं, वकिलानं नाही. काश्मीरमध्ये काय झालं ते तुम्ही लिहू नका, तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही त्या दिवाळीचं लिहा. ते कोणत्या गाडीनं आले, पहिल्या रात्री काय झालं, उटणं लावायला बसले का, फटाक्यांना काय केलं, डॉक्टरांकडे जायचं कुणी ठरवलं, गोळ्या कुणी आणल्या, आणि युनिटला का सांगितलं नाही. हे शेवटचं नक्की लिहा. कॅटेगरी लागली की प्रमोशन कॅडर हुकतं, सोबती वेगळ्या नजरेनं बघतात, म्हणून जवान सांगत नाहीत; पण हे कागदावर आणल्याशिवाय 'तेव्हा तक्रार का केली नाही' याला उत्तर मिळत नाही. शेजारची कुणी जाऊ, दीर तेव्हा घरात असेल तर त्यांचंही एक पान.

२०१८चं मी विसरलो नाही. कॅटेगरी असताना वर पाठवलं, ही ती दुसरी खिडकी. मूव्हमेंट ऑर्डर आणि त्या वेळचा एएफएमएसएफ-१५ शेजारी शेजारी ठेवा. फॉर्मवर 'उंचीवर किंवा कारवाईच्या भागात नको' असा निर्बंध असेल आणि ऑर्डर त्याच्या उलट असेल, आणि परत आल्यावर औषध वाढलं किंवा पुन्हा ॲडमिट केलं असेल, तर 'बळावला' हे वेगळं मागणं मांडता येतं. अपिलात दोन्ही मागा. एक नाही तर दुसरं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते वकील सांगतीलच. ते २०२० मध्ये सुटले, म्हणून त्यांना २००८चे एन्टायटलमेंट नियम लागतात. २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम त्यानंतर सुटणाऱ्यांना. कुणी ते दाखवून घाबरवलं तर ऐकू नका. २००८च्या नियमांत असं आहे, की हक्क सिद्ध करण्याचं ओझं साधारणपणे जवानावर टाकायचं नाही. पण सुटून पंधरा वर्षं झाली, सरकारी कागद नष्ट झाले, आणि मग दावा केला, तर ओझं त्याच्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात संशयाचा फायदा जवानाला दिला. २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात मात्र मानसिक आजाराबद्दल सांगितलं, की तो भरतीच्या वेळी ओळखता येत नाही, म्हणून 'भरतीत नोंद नव्हती' एवढ्यावर तो नोकरीमुळे झाला असं आपोआप ठरत नाही. म्हणूनच मी तुम्हाला तारखेच्या मागं लावतोय. आणि २०२५ मध्ये राजूमोन खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की बोर्डानं कारणं द्यायलाच हवीत. तुमच्या एएफएमएसएफ-१६ वर कारणांच्या रकान्यात एकच ओळ असेल, तर ती ओळ लाल पेनानं अधोरेखित करून ठेवा.

वाट अशी आहे: रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपिलाची मुदत नामंजुरीपासून सहा महिन्यांची होती, ती केव्हाच गेली. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडायचा. लॉकडाऊन, आजार, उपचार, हीच कारणं, तारखा घालून. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून न्यायालयं अशा उशिराकडे थोडं सैल बघतात, पण २००८च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारण दावा दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. २०२० पासूनची काही वर्षं तुमच्या हातून गेलीच आहेत. पुढचा प्रत्येक महिना थांबलात की मागचा एक महिना गळतो.

आकडा विचारलेला नाहीत, पण मनात असणार. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असा डिसॅबिलिटीचा हिशेब आहे. शेवटचा पगार समजा चाळीस हजार धरला, तर शंभर टक्क्यांचे बारा हजार होतात आणि तीस टक्क्यांचे छत्तीसशे. पण पन्नासच्या खालचे टक्के पन्नास धरण्याची सोय आहे, आणि मुदत संपवून सुटलेल्यांनाही ती मिळते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सांगितलं. म्हणजे सहा हजार. अर्जात 'तीसचे पन्नास धरावेत' हे वेगळं मागायला विसरू नका. न मागितलेलं कुणी देत नाही.

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्यावर मला चार जणांनी विचारलं, आता इथंच केस टाकू का? नाही. या बाबतीत आधी न्यायाधिकरणच. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर स्त्रिया आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. थकबाकीतले टक्के मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

राहिलं त्यांचं 'खुळा म्हनतील'. हे तुम्हाला सगळ्यात अवघड जाणार आणि इथं माझ्या सत्तावीस वर्षांचा काही उपयोग नाही. सही त्यांची आहे, आजार त्यांचा आहे. त्यांनी नको म्हटलं तर थांबायचं, त्यांच्या नकळत काही करायचं नाही. पण 'पुरावा गोळा करूया' असं म्हणू नका. 'पेटी लावायला हात द्या' म्हणा. डिस्चार्ज बुक हातात आलं की फौजी माणूस बोलायला लागतो. भरतीपासून सुरू करतो, ट्रेनिंगचे उस्ताद, पहिली पोस्टिंग. २०१३ येईल तेव्हा येईल. त्या दिवशी नाही आलं तर ओढून आणू नका. त्यांच्याच वयाचा, टेंबलाईवाडीच्या टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियनमधला किंवा गावातला एखादा फौजी मित्र असेल तर त्याला बसवा. बायकोपेक्षा त्याच्याशी सोपं जातं. आणि गावाला कळायचं म्हणाल, तर अपिलाचे कागद चावडीवर लागत नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क त्यांना दिला आहे.

ते निवेदन लिहायचं ठरलं, तर एकदाच लिहून घ्या, दिवसा, जेवण झाल्यावर, घाई नसताना. पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. त्या रात्री त्यांना झोप लागणार नाही हे धरून चाला; डॉक्टरांना आधी सांगून ठेवा आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तुम्हालाही करता येतो.

माहिती अधिकाराचा मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत करून ठेवतो. मला फक्त डिस्चार्ज बुकाच्या पोस्टिंगच्या पानाची आणि त्या नामंजुरीच्या पत्राची झेरॉक्स पाठवा, त्यांना विचारून. आणि गारगोटीच्या डॉक्टरांकडे लवकर जाऊन या. त्यांचं वय झालं असेल.